डावा कौल

बाबांच्या बायपासची तारीख मिळाली, त्याच दिवशी त्यांनी गावच्या गुरवाला फोन लावला. आमचं घर मूळचं कोकणातलं, मरोळला येऊन दोन पिढ्या झाल्या, तरी मोठं काही करायचं तर आधी ग्रामदेवतेला कौल लावायचा. पाषाणाच्या दोन्ही खांद्यांना ओली पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गुरवाने व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. डावी पडली.

"ऑपरेशन नाय," बाबा म्हणाले आणि त्यांनी टीव्ही लावला.

माझं डोकं पटकन तापतं. "देवाला एवढं कळतं ना, मग रिपोर्टही त्यालाच पाठवा," असं मी बोलून गेले. तीन दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला. थांबण्यात धोका आहे, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी चिडले होते असं सगळ्यांना वाटत होतं, पण खरं तर मी भयंकर घाबरले होते.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त टीचर राहतात, मरोळ गावठाणातल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या नेहमीसारख्या आमचा पेपर परत द्यायला आल्या आणि मी बाबांच्या देखतच त्यांच्याकडे तक्रार केली. त्यांनी उपदेश केला नाही. चहा घेता घेता एक गोष्ट सांगितली.

"आमच्या शास्त्रात देव एका शहराला निरोप पाठवतो, चाळीस दिवसांत तुमचा नाश होणार. मग राजापासून गुराढोरांपर्यंत सगळे उपाशी राहतात, वाईट कामं सोडतात. देव ते बघतो आणि म्हणतो, जाऊ दे."

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "म्हणजे शब्द फिरवल्यान?"

"फिरवला. निरोप नेणारा रुसून बसला, आपलं हसं झालं म्हणून."

"सुधारलात तर सोडतंय, असा देवान आधी कबूल केलेल्यान?"

"नाही हो भाऊ. कुणी काही कबूल केलं नव्हतं. फिरलं तर फिरेल मन, एवढ्यावरच ते लोक कामाला लागले."

बाबांनी टीव्ही बंदच केला. म्हणाले, "आमचो पण एक देव आसा. लढाईत हत्यार धरूचंय नाय म्हणालो, आणि भक्ताच्या हट्टापायी रथाचा चाक उचलून धावलो."

टीचर हसल्या, कप ठेवून घरी गेल्या.

मला वाटलं, आता ते पुन्हा कौल लावायला सांगतील. नाही सांगितलं. सकाळी आंघोळ करून देव्हाऱ्यासमोर उभे राहिले आणि स्वतःच गाऱ्हाणं घातलं. "म्हाराजा, काय चुकला असात ता पदरात घे, वाकडा असात ता सरळ कर." हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्यात देवाला मन बदलायलाच सांगतात, हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बॅग भर."

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा टीचर माझ्या शेजारी जपमाळ घेऊन बसल्या होत्या. मी माझ्या देवाला हात जोडले, त्यांच्याही देवाला जोडले. त्या दिवसाचे उपकार मी आजही मानते, टीचरांचे, डॉक्टरांचे आणि वरच्याचे. सकाळी बाबा बिनसाखरेच्या चहावरून कुरकुर करतात तेव्हा मला इतकं बरं वाटतं की मी उलट बोलतही नाही.

यंदा मे महिन्यात त्यांना गावी घेऊन गेले. देवळात नारळ ठेवला. गुरव जरा ओशाळलेलाच होता. त्याने लगबगीने पाकळ्या ओल्या केल्या आणि म्हणाला, "पुढचा सगळा बरा आसा काय, विचारूया देवाक?"

बाबांनी त्याचा हात धरला. "नको रे. बदललेला मन परत बदलल्यान तर?"