तांडेलमामांची खोप

घराबाहेर पडताना मामा आधी उजव्या हाताचं बोट तोंडात घालून ओलं करायचे आणि वर धरून वारा बघायचे. मग ते बंदरावर निघालेले असोत, नाहीतर नुसते न्हाव्याकडे दाढीला. "अहो मामा, न्हाव्याकडे जायला कसला वारा बघता?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अगो बाय, वारा न बघता निघालेला आणि वल्हं विसरून निघालेला, दोघं एकाच ठिकाणी पोचतात. तळाशी." मी त्यांची सख्खी भाची, आणि लग्न होऊन मांडवीत आले तीही त्यांच्या परड्याला लागूनच असलेल्या घरात. त्यामुळे असली उत्तरं मी जन्मभर ऐकली.

मामा तीस वर्षं गलबतावर तांडेल होते. बारा खलाशी त्यांच्या नुसत्या खोकल्यावर शीड उतरवायचे. पुढे माल आगबोटींतून जायला लागला, मालकाने गलबत विकलं आणि मामा कायमचे जमिनीवर आले. जमिनीवर मामींचं राज्य. तिथे मामांच्या हुकमाला कोण भीक घालणार? "भात वाढ!" असं ते ओरडले की मामी म्हणायच्या, "गलबत बुडत नाय, वाढते." घरामागच्या परड्यात त्यांची जुनी खोप होती; चिऱ्याच्या भिंती, वर नळ्यांची कौलं. पूर्वी तिच्यात शिडं आणि दोर ठेवत. आता ती रिकामी होती आणि मामाही रिकामे.

अशात दत्तूचं पत्र आलं. दत्तू त्यांचा एकुलता एक मुलगा, मुंबईला गोदीत कारकून. मामा-मामींना अक्षरओळख नव्हती, म्हणून पत्र मीच वाचलं. 'बाबांना तिथे आता काही उद्योग नाही. वैशाखात येतो, तेव्हा दोघांना घेऊनच जाईन. घराला कुलूप लावू, खोप मोडून चिरे देऊन टाकू.' वाईट मनाने लिहिलेलं नव्हतं हो, दत्तू गुणी पोरगा. पण मामांचा चेहरा बघवेना.

"मुंबईला त्याच्या खोलीत वारा कुठून येतो गो?" त्यांनी विचारलं.

"खिडकीतून. असली तर."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी कुंपणाशी येऊन म्हणाले, "बाय, दर्या दिसत नाय तिथं मला मरायचं नाय. त्याला उद्योग पाहिजे ना? दाखवतो उद्योग. खोपीत कोंबड्या पाळतो."

मामी मागून म्हणाल्या, "माणसं संपली हुकमाची, आता कोंबड्या!" पण त्यांचा आवाज जरा ओला होता. त्यांनाही कुठे जायचं होतं? फक्त कोंबड्यांवर त्यांचा भरवसा उरला नव्हता. आदल्या वर्षी मुंगसाने त्यांची एकूण एक कोंबडी नेली होती.

पौषात मामा कामाला लागले. नळे परतले, जुन्या डोलकाठीचे तुकडे करून कोंबड्यांना बसायला आडवे दांडे ठोकले, टोपल्यांत पेंढा घातला. राहिला प्रश्न मुंगसाचा. चिरा म्हणजे मुळातच भोकांचा दगड, आणि मुंगसाला एवढीशी फट पुरते. त्यावर मामांनी काय करावं? गलबताच्या फळ्यांमधून पाणी शिरू नये म्हणून जसा तेल-राळेत भिजवलेला कापूस ठासतात, तसा त्यांनी खोपीच्या प्रत्येक फटीत हातोडीने ठासला. सगळी मांडवी ती ठकठक ऐकून हैराण झाली. शेवटी आत शिरून दार ओढून घेतलं आणि आतूनच ओरडले, "एक किरण दिसत नाय! आता ये म्हणावं त्या मुंगसाला!"

मग कोंबड्या विकत आणून आत सोडल्या. मुंगूस आलं, खोपीभोवती घिरट्या घालून गेलं. मामा मिशीला पीळ देत हिंडायला लागले. मी मनात म्हटलं, मामा जिंकले बहुतेक.

शिमगा सरला आणि उकाडा सुरू झाला. एका सकाळी मामींची किंकाळी ऐकून मी कुंपण ओलांडून धावले. खोपीचं दार उघडं होतं. कोंबड्या चोची वासून, पंख पसरून धापा टाकत पडल्या होत्या. दोन तर गेल्याच होत्या. मामी एकीच्या चोचीत पाणी सोडत होत्या आणि डोळ्यांतून त्यांचं स्वतःचं पाणी वाहत होतं. "साऱ्या जगाचा वारा बघत फिरलात," त्या मामांना म्हणाल्या, "आणि ह्या मुक्या जिवांना चिमूटभर ठेवला नाय!"

खरं सांगते, मामांना टोमणा मारायची संधी मी कधी सोडत नसे. त्या दिवशी सोडली. मामांनी बोट ओलं केलं, खोपीत वाकून शिरले आणि ते वर धरून उभे राहिले. बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. आले तेव्हा एवढंच म्हणाले, "आत वारा मेलाय. चूक तांडेलाची." मामांनी चूक कबूल केल्याचं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

दुपारी त्यांनी स्वतः ठासलेला कापूस स्वतःच उपसला. दर्याकडच्या भिंतीत आढ्याखाली एक झरोका पाडला, समोरच्या भिंतीत दुसरा. मग मिरकरवाड्यातल्या कोळ्यांकडून जुनं जाळं आणलं आणि झरोक्यांवर, फटींवर दुहेरी ताणून बसवलं. पुन्हा आत जाऊन बोट वर केलं. "आला गो, आला!" असे काही ओरडले की शेजारीपाजारी काम टाकून आले. कोणाला वाटलं, दत्तूच आला.

चौथ्या दिवशी मुंगूस जाळ्यात अडकलेलं सापडलं. मुंगसाचं तोंड बघणं शुभ असतं म्हणतात. आम्ही सगळ्यांनी रांगेने बघून घेतलं. मामांनी त्याला पोत्यात घालून लांब डोंगरावर नेऊन सोडलं.

वैशाखात दत्तू आला. आल्या आल्या म्हणाला, "बाबा, सामान बांधा, बुधवारची बोट आहे." मामा त्याला खोपीत घेऊन गेले. मीही मागोमाग. आत कशी गार झुळूक होती! कोपऱ्यातल्या टोपलीत तांबडी कोंबडी अंग फुलवून बसली होती.

"ही खुडुक झालीय. खाली बारा अंडी आहेत. पिल्लं निघायला एकवीस दिवस. खलाशी गलबतात असताना तांडेल उतरतो काय रे?"

दत्तूने माझ्याकडे पाहिलं. "खरं आहे रे दत्तू," मी म्हटलं, "मधेच सोडली तर अंडी नासतात." त्याची रजा होती दहा दिवसांची. जाताना एकटाच गेला, भाताच्या तुसात घातलेल्या अंड्यांची टोपली सांभाळत. बंदरावर मामा असे छाती काढून उभे होते की जणू आगबोट त्यांनीच पाण्यात लोटली!

पुढे दरवर्षी हेच. दत्तूचं पत्र मी वाचून दाखवलं की मामा पहिले खोपीत जायचे. आणि दत्तू यायचा तेव्हा कोणीतरी नेमकी अंड्यांवर बसलेली असायची. कोंबडी बसवायची ती दिवस मोजून, हे तिसऱ्या वर्षी माझ्या ध्यानात आलं. दत्तूच्याही आलं असावं, कारण तोच हसत विचारायला लागला, "बाबा, यंदा कोण बसलंय?" तोवर अर्ध्या मांडवीत मामांच्या खोपीतली पिल्लं हिंडत होती. खोप मोडायची गोष्ट कोणी काढेना.

मामा गेले ते आपल्या घरात, आपल्या खाटेवर, दर्याकडचं दार उघडं ठेवून. मला फार रडू आलं, पण दुःख म्हणावं तर तसंही नाही. माणूस जिंकून गेला होता.

तेरावं झालं. दत्तू आईला म्हणाला, "आये, आता एकटी नको राहूस. चल माझ्याबरोबर." मामी उठल्या, खोपीत जाऊन आल्या. अंगणात उभं राहून त्यांनी बोट ओलं केलं आणि वर धरलं. तोवर त्यांना तसं करताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

"दत्तू," त्या म्हणाल्या, "काळी खुडुक झालीय रे. एकवीस दिवस."

दत्तू हसता हसता रडायला लागला. "बरं आये," म्हणाला आणि एकट्याचीच वळकटी बांधायला आत गेला.

काळी कोंबडी त्या वेळी माझ्या परड्यात दाणे टिपत होती. दत्तू बाहेर यायच्या आत मी जाऊन तिला पायाने हळूच कुंपणाआड सारलं.