मेंढीकोटाची वही

चार माणसं रोज एकाच बारदान्यावर बसून पत्ते खेळली की किस्से वेगळे गोळा करावे लागत नाहीत. जिनिंगमध्ये कपड्यांना कापूस चिकटतो, तसे ते चिकटतात. मी सांगायला लागलो की लोक हसतात, मीही हसतो. पण एक किस्सा मी दरवेळी गाळत आलो. आज तोही सांगून टाकतो.

पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये मी कारकून होतो. ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असेल. दुपारच्या सुट्टीत वजनकाट्यामागच्या शेडमध्ये आमचा मेंढीकोट चालायचा. समोरासमोरचे दोघं भिडू. दश्शी म्हणजे मेंढी, आणि ज्यांच्याकडे मेंढ्या जास्त ते जिंकले. माझा भिडू सुखदेव गजभिये, काट्यावर कापूस तोलणारा. विरुद्ध पार्टीत सकाळच्या शाळेचे पाठे गुरुजी आणि संत्र्या-कापसाचे शेतकरी धोटेजी.

रोजच्या कटकटीला कंटाळून गुरुजी म्हणाले, "सगळं लेखी ठेवा. लेखी असलं म्हनजे वाद नाई."

अक्षर माझं बरं, म्हणून वही माझ्याकडे. भांडण झालं की एक कलम, खाली चौघांच्या सह्या. वर्षभरात लक्षात आलं की वहीने भांडणं कमी होत नाहीत, त्यांना फक्त नंबर मिळतात!

* * *

एक नंबर होतं, "टाकलेलं पान परत उचलायचं नाही." झालं काय, धोटेजींना जोरात शिंक आली आणि हातातली बदामाची दश्शी खाली पडली. ते उचलायला वाकले तर सुखदेव म्हणाला, "राहू द्या जी, एक नंबर!"

"अरे, म्या टाकलं नाई, पडलं ते!"

गुरुजी धोटेजींचेच भिडू, पण न्यायाला पक्के. म्हणाले, "टाकलं का पडलं, जमिनीले काय समजते?" लगेच दोन नंबरचं कलम झालं: जमिनीला लागलेलं पान टाकलेलं समजावं.

दुसऱ्या दिवशी मी पिसून पत्ते वाटले. धोटेजी हाताची घडी घालून बसले. पानं उचलेचनात!

"काऊन जी?" सुखदेवने विचारलं.

"तेराच्या तेरा पानं जमिनीले लागले. आता म्या कायले उचलू? लिहून घ्या, सगळे टाकले म्या!"

पुढचा आठवडाभर पानं एकेकाच्या हातात नेऊन द्यावी लागली.

* * *

आमचा हुकूम झाकलेला असायचा. एक पान पालथं ठेवायचं, आणि ज्याच्याकडे चालू रंगाचं पान नसेल त्याने "उघडा" म्हणायचं. उघडायला लावणाऱ्याने हुकूमच मारायचा, ही पद्धत. एकदा गुरुजींनी उघडायला लावलं, तर त्यांच्या हातात हुकुमाचं एकुलतं एक पान, तेही दश्शी! टाकावीच लागली. वरून सुखदेवने राणी मारून मेंढी उचलली. गुरुजी दोन दिवस आमच्याकडे चहा प्यायले नाहीत.

तिसऱ्या दिवशी जिंकलेला सुखदेवच बोलला, "गुरुजीचं बरोबर हाय. हुकमाची एकटी मेंढीच हातात असन तं ते न टाकाची सूट द्या. लिवा भाऊ." मी लिहिलं. पाच नंबर. त्याचं मन तसंच मोठं होतं.

* * *

सात नंबर खाणाखुणा बंद करायला केलं: डाव चालू असताना भिडूने भिडूशी बोलू नये.

एका दुपारी डाव ऐन रंगात होता. धोटेजींचा चेहरा अचानक उतरला. समोर गुरुजींच्या पायाकडे बघतात, मग वहीकडे बघतात. शेवटी सुखदेवकडे वळून शांतपणे म्हणाले, "गजभिये, माह्या भिडूले सांग, त्याईच्या पायापाशी इच्चू हाय."

गुरुजी पानं फेकून असे उडाले की काय सांगू! आणि खाली बसल्यावर पहिला प्रश्न काय, तर "हे फेकलेले पानं टाकलेले धरता काय?"

* * *

बारा नंबर धोटेजींनी हट्टाने लिहून घेतलं: हुकूम उघडायला लावणाऱ्याने हुकूमच टाकावा, न टाकल्यास पान चोरलं असं समजावं. पाच नंबरची आठवण तेव्हा कोणीच काढली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत धोटेजी सगळ्यांदेखत मला म्हणाले, "वहीवाल्याचा भिडू कवाच हारत नाई बाप्पा!" ते मला फार झोंबलं.

दुसऱ्याच दिवशी सुखदेवने हुकूम उघडायला लावला. बदाम निघाला. त्याने चौकटची नव्वी टाकली. दोन हात झाल्यावर त्याच्याकडचं बदामाचं एकुलतं एक पान बाहेर आलं, दश्शी.

"चोरी!" धोटेजी ओरडले. "बारा नंबर!"

सुखदेव माझ्याकडे बघून हसला. "भाऊ, पाच नंबर वाचा ना."

पाच नंबर मला आठवलं नव्हतं, असं मी पुढे सगळ्यांना सांगत राहिलो. ते खोटं आहे. वही माझ्या हातात उघडी होती. पण कालचं बोलणं डोक्यात होतं, आणि मला एकदा तरी निःपक्षपाती दिसायचं होतं. मी म्हणालो, "पाच आधीचं, बारा नंतरचं. नंतरचं कलम चालतं."

असं वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी ते तिथल्या तिथे बनवलं.

सुखदेवचं हसू गेलं. उरलेली पानं त्याने पालथी ठेवली आणि उठला. "पत्ते खेळाले येतो जी मी. चोर म्हनून घ्याले नाई."

धोटेजींनी ही पानचोरीची गोष्ट बाजारात हसत हसत सांगितली. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण पुढच्या हंगामात शेतकरी काट्यापाशी वाकून वाकून आकडा बघायला लागले, "पुन्हा ठेवा" म्हणायला लागले. वीस वर्षांत सुखदेवच्या तोलावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. मी एका वाक्यात ते थांबवू शकलो असतो. आज बोलू, उद्या बोलू, करता करता त्याने मालकाला सांगून सौंसरच्या गोदामात बदली मागून घेतली. आमचा मेंढीकोट बंद पडला.

* * *

दोनेक वर्षांनी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेलो. वही पिशवीत घेतली होती. परतताना सौंसरला उतरून सरळ गोदाम गाठलं. सुखदेव काट्यापाशीच होता. केस पिकले होते. "या भाऊ," म्हणाला, स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. घरचं विचारलं, गुरुजींचं विचारलं, धोटेजींच्या संत्र्यांचंही विचारलं.

मी वही काढली. पाच नंबरचं पान उघडलं. "सुखदेव, त्या दिवशी मला..."

त्याने वहीवर पंजा ठेवला.

"भाऊ, तो डाव पुरा झाला होता काय?"

"नाही."

"मंग डाव चालू असताना भिडूशी बोलाचं नाई. सात नंबर. तुमचंच अक्षर हाय."

बाहेर कापसाची बैलबंडी येऊन लागली. तो उठून काट्याकडे गेला.