सिंगापुरात श्रीखंड, सिडनीत लाक्सा

शुक्रवारी पुण्याहून बाबांचा मेसेज आला, "उद्या सुट्टी ना? जा आणि खाऊन ये. माझ्या वतीने."

बाबा तेव्हा कोविड वॉर्डात ऑक्सिजनवर होते. तोंडाला चव नाही, सॅच्युरेशन शहाऐंशीच्या आसपास. मी सिडनीत वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे त्या आकड्याचा अर्थ मला कोणी समजावायची गरज नव्हती. आई आणि दादा घरीच क्वारंटाइन. मी जावं म्हटलं तर इथून निघायला सरकारी परवानगी हवी आणि परत यायला विमान नाही. सिडनीत मात्र हॉटेलं भरलेली होती, लोक वीकेंडचे बेत करत होते. त्या लोकांचा मला उगाचच राग यायचा.

'माझ्या वतीने'मागे जुनं दुखणं आहे. बँकेतून रिटायर झाल्यावर बाबा सिंगापूर-मलेशिया-थायलंडला गेले, पण आचारी सोबत नेणाऱ्या सहल कंपनीबरोबर. पट्टायाला पिठलं-भात, क्वालालंपूरला एकादशी आली म्हणून साबुदाण्याची खिचडी आणि सिंगापुरात श्रीखंड. तिथल्या पदार्थांची नावं तेवढी दुकानांच्या पाट्यांवरून डायरीत उतरवून आणली. त्या यादीतले लाक्सा आणि रेंडांग मी निवडले, आणि व्हिएतनामचा फो पदरचा घातला. मी खाऊन व्हॉइस नोट पाठवायची, पहिला नंबर बाबांनी ठरवायचा आणि ते सांगतील तेच मी माझ्या ब्लॉगवर लिहायचं, असा शब्द त्यांना दिला.

आम्ही राहतो त्या हॅरिस पार्कहून कॅब्रामॅटाला थेट ट्रेन आहे, वीस-पंचवीस मिनिटांची. समीर, माझा नवरा, सोबत होता. मी सारखा फोन बघत होते. शेवटी तो म्हणाला, "फोन पर्समध्ये टाक जरा. तू चेक केल्याने सॅच्युरेशन वाढणार नाहीये."

मी टाकला आणि पुढच्या स्टेशनला परत काढला.

कॅब्रामॅटात स्टेशनसमोरच फोची दुकानं आहेत. दारात कोविडच्या नोंदीसाठी क्यूआर कोड स्कॅन करायचा आणि बसायचं. बीफ खात नसाल तर चिकनचा मागा, पंधरा डॉलरला मोठा बोल येतो. नितळ रस्सा, तांदळाच्या शेवया, वर लिंबू आणि कच्ची पानं. आजारी माणसाला द्यावं असं अन्न, असं व्हॉइस नोटमध्ये बोलताना माझा आवाज फाटला, म्हणून ती पुन्हा रेकॉर्ड केली. लगेच निळ्या टिका. बाबांनी टाइप केलं, "मीठ कमी वाटतंय. स्पीकरवर लावलं होतं. कदमही ऐकताहेत."

कदम शेजारच्या बेडवरचे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, मूळचे मालवणचे. बाबांची त्यांची ओळख चार दिवसांची, पण वॉर्डात चार दिवस पुष्कळ असावेत.

तिथून सेंट्रलला जायला तासभर लागतो. सेंट्रलजवळ एका मलेशियन हॉटेलात कोळंबीचा लाक्सा घेतला. नारळाच्या दुधाचा लाल, जाड रस्सा, आणि पहिल्याच घोटाला ओळखीचा वास आला. मी तसं सांगितल्यावर उलट प्रश्न आला, "कदम विचारताहेत, सोडे आहेत का त्यात." मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं. त्यांनी सुकी कोळंबी वाटणातही असते असं सांगून वर चमचाभर आणूनही घातली. मी फोटो पाठवला. बाबांचं उत्तर आलं, "कदमांचा कौल लाक्साला. बरं झाल्यावर करून खाणार म्हणतात. माझं मत राखून."

मी त्या दिवसात पहिल्यांदा हसले. समीरने उरलेला रस्सा संपवला.

मग लाइट रेलने किंग्सफर्डला. तिथे इंडोनेशियन हॉटेलांची रांग आहे. रेंडांग बहुधा बीफचं असतं, आधी विचारा, आम्हाला लँबचं मिळालं. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण आणि तासन्‌तास आटवलेला मसाला. आपल्या सुक्या मटणाचं सख्खं भावंड, आणि सुकं मटण हा बाबांचा जीव. हेच जिंकणार, अशी माझी खात्री होती. नोट पाठवली तेव्हा चार वाजले होते, पुण्यात साडेअकरा.

दोन करड्या टिका. निळ्या होईनात.

परतीच्या ट्रेनमध्ये फोन माझ्या हातातच होता. एकेक स्टेशन गेलं, हॅरिस पार्क आलं, टिका करड्याच. दादाने वॉर्डात फोन लावला, कोणी उचलेना. मी लॅबमध्ये पाहिलेले सगळे रिपोर्ट मला आठवत राहिले. समीरने खिचडी टाकली आणि ती तशीच राहिली. झोप कसली लागते.

रविवारी अकरा वाजता, भांडी घासत असताना फोन वाजला. बाबांचं नाव. ओल्या हातांनीच उघडला.

"मी ठीक. काल सकाळी कदमांचं अचानक बिघडलं. दुपारी गेले. घरचं कोणी नव्हतं. नर्स होती आणि मी. नंतर फोन हातात घेववेना."

मी हात पुसले. तेवढ्यात पुढचा मेसेज आला.

"तुझं रेंडांग आज ऐकलं. तेच चांगलं असणार. पण निकाल लाक्सा. तसंच लिही."

बाबा पुढे तीन आठवड्यांनी घरी आले. चव हळूहळू परतली, पण जिने चढताना अजून थांबतात. माझ्या जिभेला विचाराल तर ती रेंडांग म्हणेल. पण बाबांना मी शब्द दिला होता, म्हणून या ब्लॉगवर पहिला नंबर लाक्साचा. तुम्ही कुठेही मागवलात, तर वर सोडे घालतात का, तेवढं आधी विचारा.