टपावरची ताडपत्री

घरात सगळे त्यांना तपासनीस म्हणायचे, अर्थात पाठीमागे. उभा जन्म टुरिस्ट बस चालवण्यात गेला. भाजीवाल्याने दोन मिरच्या जास्त घातल्या, तरी यांना वाटायचं, खाली नक्की सडक्या दडवल्यात.

निवृत्तीनंतर त्यांनी जुनी व्हॅन घेतली. जावयाने टपावर सोलर पॅनेल, आत बॅटरी आणि छोटा फ्रीज बसवून दिला. फ्रीज बायकोच्या इन्सुलिनसाठी. त्याच्या भरवशावर दोघं वीज नसलेल्या तळ्याकाठी मुक्कामाला आली. एवढं सगळं जावयाने फुकट केलं होतं. संशयाला तेवढं निमित्त पुरलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्रीज बंद पडला.

"जुनी बॅटरी गळ्यात मारलीय," ते म्हणाले.

"अहो, तो कशाला असं करेल?"

"तेच कळत नाही. म्हणूनच संशय येतो."

बायको इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळून बसली. आता हे वाया गेलं तर काय, या भीतीने त्यांचाही जीव खालीवर होत होता, आणि भीती वाटली की त्यांना राग यायचा. फोनवर त्यांनी जावयाला नको नको ते सुनावलं.

सकाळी जावई नवी बॅटरी आणि बर्फाच्या डब्यात नवं इन्सुलिन घेऊन हजर झाला. सासूच्या हातात डबा देऊन तो थेट टपावर चढला. हे खालून डोळ्यात तेल घालून पाहत होते.

पॅनेलवर ताडपत्री होती, चारही कोपरे करकचून बांधलेली. गाठी त्यांच्याच हातच्या होत्या, पाहताच ओळखल्या. गाडी थांबली की टपावरचा माल झाकायचा, चोराच्या नजरेला पडू द्यायचा नाही, ही जन्माची सवय. तळ्याकाठी पोचल्या पोचल्या त्यांनी पॅनेलही झाकून टाकलं होतं. ऊन अडेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

जावयाने एकदा खाली पाहिलं. मग गाठी सोडल्या, ताडपत्री पलीकडच्या बाजूला टाकली आणि उतरला.

"आई, बॅटरीच खराब निघाली," तो सासूला म्हणाला. "माझंच चुकलं."

सासरेबुवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खोटं बोलतोय तो," ते बायकोला म्हणाले.

तिने कपाळाला हात लावला. "आता आणखी काय?"

"ताडपत्री मी बांधली होती."