रेइनाची मुकी घंटा

बोनारियाचं अख्खं आयुष्य समुद्राच्या डोक्यावर गेलं, पण पाणी कधी घोट्याच्या वर आलं नाही. कड्यांवर बकऱ्या राखणाऱ्यांना पोहायला सवड कुठली? लग्न होऊन आली तेव्हापासून चीजची टोपली डोक्यावर घेऊन ती त्याच पायवाटेनं खाली पुळणीवर उतरायची, होडीवाल्याच्या हवाली करायची, आणि समुद्राकडे पाठ फिरवून परत वर.

मागल्या वर्षीच्या हिवाळ्यात तिचा नवरा बाचीसियो गेला. मालक गेला की वर्षभर कळपाच्या घंटांत गवत कोंबायचं, बकऱ्यांनीही सुतक पाळायचं, ही आमची रीत. पण रेइना म्हणजे कळपापुढे चालणारी बकरी, बाचीसियोची लाडकी. तिच्या घंटेत बोनारियानं गवताऐवजी लोकर भरली, वरून दोऱ्यानं आवळली. दुःखात हात जरा जास्तच घट्ट चालतात. आठवड्यातच रेइना कड्यांत पसार झाली. मुक्या घंटेची बकरी शोधायची तरी कशी?

वर्ष सरलं, बाकीच्या घंटा मोकळ्या झाल्या. ही राहिली. घंटा राहिली म्हणजे सुतक राहिलं, आणि सुतकातल्या आजीला नातीच्या लग्नात गाता येत नाही. नवरीला उंबऱ्याबाहेर काढताना तर आजीनंच गायचं असतं. लग्न रविवारी होतं. शुक्रवारी एक कोळी सांगत आला, खालच्या पुळणीवर गळ्यात मुकी घंटा असलेली म्हातारी बकरी दिसली म्हणून.

शनिवारी उजाडताच बोनारिया निघाली. मागोमाग नणंद रिमेडिया.

"वन्सं, तुम्ही कशाला? तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे मी नेतेय, तुझ्या डोक्यावर नाही ठेवले. तुला एकटीला सोडलं तर संध्याकाळी दोघींना हुडकत फिरावं लागेल, तुला नि बकरीला."

वाट पांढऱ्या दगडातून जाते. रोझमेरीची झुडपं फुलली होती आणि मधमाश्यांच्या गुणगुणीनं कडाच झोपेत बडबडतोय असं वाटत होतं. खाली पाणी इतकं नितळ, की होडी पाण्यावर नाही, स्वतःच्या सावलीवर टांगलेली दिसे. त्या उजेडात बोनारियाला क्षणभर वाटलं, पुढल्या वळणावर बाचीसियो बसलाय, चाकूनं लाकूड तासत.

वळणावर फक्त त्यानं बांधलेली जुनिपरच्या ओंडक्यांची शिडी होती.

"माझ्या भावानं बांधलीय," रिमेडिया म्हणाली. "म्हणजे एक तरी ओंडका डगडगणार."

"उभा जन्म चढले मी हिच्यावर."

"म्हणूनच तर डगडगत असेल!"

पुळणीवर कड्याच्या पोटातून गोडं पाणी येऊन समुद्रात मिसळतं. तिथेच, गुडघाभर पाण्यात, रेइना पीत उभी होती. केस जटा झालेले, नजर रानटी. बोनारियानं तळहातावर मीठ घेतलं, बाचीसियोसारखी टाळूला जीभ लावून टकटक केली. रेइनानं मान वळवली, पण पाय हलवला नाही.

"येत नाही ती," रिमेडिया कुजबुजली. "तूच जा."

"पाण्यात?"

"नाही तर काय, उडत?"

बोनारियानं काळा घागरा खोचला आणि समुद्रात शिरली. घोट्यावर आलं पाणी, मग पोटऱ्यांवर, मग गुडघ्यांवर. थंडगार. रेइना तिच्या तळहातावरचं मीठ चाटू लागली. बोनारियानं नवऱ्याच्या चाकूनं दोरा कापला आणि भिजून दगड झालेली लोकर बोटानं उकरून काढली.

रेइनानं डोकं झटकलं. घंटा वाजली.

स्वतःच्याच आवाजाला दचकून ती उधळली. पाणी उडवत पुळण ओलांडली आणि सरळ कड्यावर.

"अगं धर! दोर आणलायस कशाला?"

बोनारियाच्या हातात दोर तसाच होता. "जाऊ दे, वन्सं."

दोघी ओल्या दगडांवर बसल्या, कडक पोळीसारखी भाकरी मोडून चीजबरोबर खाल्ली. घंटा एका कपारीतून दुसरीत, वर वर चढत गेली. मग वाऱ्यात इतकी विरघळली की घंटा कुठली आणि खाली दगडांवर वाजणारं पाणी कुठलं, कळेना.

बोनारियानं दोर गुंडाळून बाजूला ठेवला. मग हळूच तिनं लग्नाच्या गाण्याची पहिली ओळ धरली.

"आवाज घोगरा लागतोय," रिमेडिया म्हणाली.

"लागणारच. इतके दिवस लोकर होती ना घशात."

"मग आत्ताच साफ कर. उद्या गावासमोर माझी लाज काढशील." आणि दुसरी ओळ रिमेडियानंच उचलली.