मधली कांताबाई

प्रणालीची कणीक अर्धी मळून झाली होती, तेवढ्यात दार वाजलं. तिच्या सासूबाई रुख्माबाईंनी आतूनच विचारलं, "कोण?"

"मी भावना."

"कोणाची वं?"

"खापा गावची."

"खाप्याले का एकच भावना आहे?"

"कांतामावशीच्या बहिणीची पोरगी!"

तेव्हा कुठे कडी निघाली. कांताबाई शेजारची, तिचं नाव घेतलं की या घराचं दार कोणालाही उघडतं.

भावनाने मावशीचा फोन पुढे केला. मावसाजींचा रिपोर्ट दवाखान्याच्या साइटवर होता आणि दुपारी तो मोठ्या डॉक्टरांना दाखवायचा होता. पण फोनवर 'ही साइट सुरक्षित नाही' असा लाल इशारा. "दवाखानेवाले म्हणते, 'तरी पुढे जा' दाबा. मावशी दाबूच नाही देऊन राहिली. म्हणे, प्रणालीनं सांगतलं, लाल दिसलं का हात लावाचा नाही."

प्रणालीच्या डोक्यात तिडीक गेली. सर्व्हर सांभाळणं तिची घरबसल्या नोकरी. गल्लीतल्या बायकांना ओट्यावर बसवून हे एकच वाक्य तिने घोकून घेतलं होतं, आणि दवाखान्याने ते चुटकीत पुसायला घेतलं.

साइट तिच्या लॅपटॉपवर मात्र सुरळीत उघडली. मग सर्व्हर नेमकं काय पाठवतो ते तिने तपासलं. साइटची ओळख पटवणारं नवं सर्टिफिकेट बसवलेलं, पण एकटंच. ते ज्या मधल्या संस्थेच्या सहीवर चालतं, तिचं सर्टिफिकेट सोबत नव्हतंच. सर्व्हर नुसताच "मी भावना" म्हणत दारात उभा! लॅपटॉपला ती मधली कांताबाई दुसऱ्या कुठल्या साइटवर आधीच भेटलेली, म्हणून त्याने कडी काढली. फोनला भेटली नव्हती.

तिने दवाखान्यात फोन लावला. कॉम्प्युटर विभागाचे सुमंत म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे तर उघडतंय. पेशंटचे फोन जुने असतात."

"फोन बरोबर आहे. चूक तुमच्या सर्व्हरची आहे."

"बाकी कोणाची तक्रार नाही."

"कशी असेल? तुम्ही सांगितलं आणि त्यांनी दाबलं! उद्या एखादा चोर तुमच्या नावाने आला, तर हीच माणसं त्याला आत घेतील. सवय तुम्हीच लावली ना?"

"काय म्हणते वं तो?" रुख्माबाईंनी विचारलं.

"फोन जुना आहे म्हणे."

"त्याले म्हण, अक्कल नवी घे."

प्रणालीच्या बोटांवर कणीक वाळून गेली होती.

"सर, मला वाद नको. सर्टिफिकेटसोबत मधली फाईल आली असेल, ती सर्व्हरवर जोडा. दुपारच्या आत. एवढंच करा."