मनकर्णाबाईंनी न पाहिलेल्या मॅची

शहाऐंशी सालच्या हिवाळ्यात पांढुर्ण्याच्या कॉलेजच्या मुली बैतूलला बास्केटबॉलची मॅच हरून आल्या, ही बातमी गावात मनकर्णाबाईंनी आणली. आणि अशा थाटात आणली, की ऐकणाऱ्याला वाटावं, जिंकण्यापेक्षा हरण्यातच मजा जास्त असते.

"पयले त लोकं नुसते हासून राहिले होते," आठवडी बाजारात वांगी निवडता निवडता त्या सांगत होत्या. "मंग आपल्या विजयमालानं असा बॉल फेकला, असा फेकला, का समोरच्या जाड्या मास्तरचं पान गालातच राह्यलं. चघळनंच विसरला गडी!"

"मंग?" भाजीवाली कमल तराजू तसाच हातात धरून उभी.

"मंग काय, हारलो. तू वांगे मोज."

मनकर्णाबाई म्हणजे कॉलेजातली बाई. तासांची घंटा द्यायची, माठ भरायचे, मुलींच्या खोलीची किल्ली कनवटीला ठेवायची आणि दुपारी प्रिन्सिपलसाहेबांचा डोळा लागला तर हलकेच त्यांचं दार ओढून घ्यायचं, ही त्यांची नोकरी. पन्नाशीला आलेल्या, अंगाने आटोपशीर, हातात बारा महिने काळी छत्री. छत्री पावसासाठी आहे असा गैरसमज कॉलेजातल्या एकाही पोराचा नव्हता. नवरा मोतीराम कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. दोन्ही मुलगे लग्न करून नागपूरकडे गेलेले. घरात बोलायला माणूस कमी म्हणून असेल, पण बाईंचं सगळं बोलणं बाहेर व्हायचं आणि ते ऐकायला गर्दी असायची.

मुलींचा संघ उभा राहिला तो खरं तर त्यांच्याच जिवावर. सुधाकर सर अर्थशास्त्र शिकवायचे. स्टाफमध्ये सगळ्यांत लहान, आणि नाही म्हणायची सवय नाही, एवढ्या भांडवलावर त्यांच्याकडे खेळाचं खातं आलं होतं. त्यांनी मुली हेरल्या, चुन्याच्या रेघा मारल्या, दोन खांब रोवून घेतले, आणि मग लक्षात आलं की गावोगाव मुली न्यायच्या तर त्यांच्या बापांना विचारावं लागेल. एकटे गेले तेव्हा चहा मिळाला, परवानगी मिळाली नाही. मग ते मनकर्णाबाईंना घेऊन निघाले.

पहिलं घर पुंडलिकरावांचं. सावरगावच्या अंगाला त्यांचा संत्र्याचा बगीचा, आणि संघातली सगळ्यांत उंच विजयमाला ही त्यांची धाकटी. सरांना ओसरीवर खुर्ची मिळाली. बाई अंगणात उभ्या राहिल्या. तशी रीतच होती, आणि रीत कुणी मोडतही नव्हतं.

"सर, खेळनं ठीक आहे," पुंडलिकराव म्हणाले. "पन परगावी चार टगे पोट्टीकडे पाहून दात काढतीन, त्याचं काय?"

सर तोंड उघडणार तोच अंगणातून उत्तर आलं.

"जो आपल्या पोरीकडे पाहीन ना जी, त्याच्याकडे मी पाहीन. मॅच होईस्तोर डोळा नाही हालवनार. माहा शब्द घ्या."

पुंडलिकरावांनी पहिल्यांदा बाईंकडे नीट बघितलं. मग छत्रीकडे बघितलं. आणि हो म्हणाले. तोच शब्द बाईंनी मग प्रत्येक मुलीच्या दारात दिला.

आता शब्द देणारे पुष्कळ असतात. मनकर्णाबाईंनी तो पाळला, आणि अगदी अक्षर न् अक्षर पाळला. चेंडू आणि कुर्ते ठेवायची एक लोखंडी पेटी होती. मैदानाच्या कडेला ती पेटी मांडायची, तिच्यावर बसायचं, छत्री गुडघ्यांवर आडवी ठेवायची आणि तोंड करायचं प्रेक्षकांकडे. मैदानाकडे पाठ. खेळ सुरू झाल्यापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत बाई मान वळवत नसत. म्हणजे ज्या मॅचींची रसभरीत वर्णनं ऐकून अख्खा बाजार डोलत होता, त्यांतली एकही मॅच सांगणारीने पाहिलेली नव्हती! जे सांगायच्या ते सगळं समोरच्यांच्या तोंडांवरून. परगावचे लोक हसले की आपलं बिनसलं. त्यांचे जबडे लोंबले की आपल्या पोरींनी काहीतरी केलं.

बैतूलला लोक हसत होते त्याला कारण होतं. या सगळ्या संत्र्याच्या मुलखातल्या मुली. कुणाचा स्वतःचा बगीचा, कुणाची आई हंगामात फळं निवडायला जाणारी. फळ हातातून खाली पडू द्यायचं नाही, पडलेला माल गेला, हे त्यांच्या अंगात पार मुरलेलं. आणि या खेळात चेंडू जमिनीवर आपटत न्यावा लागतो. हातात धरून चाललं की शिट्टी. बैतूलला मुली चेंडू पोटाशी धरून चालत सुटल्या आणि शिट्ट्या फुंकून फुंकून पंचाचे गाल दुखले. सुधाकर सर बाहेरून ओरडत होते, "अगं आपटा, आपटा!" आणि विजयमालाचा हात काही धजेना.

परतीच्या पॅसेंजरमध्ये सगळ्यांची तोंडं उतरलेली. तेव्हा विजयमालाच म्हणाली, "सर, धरून चालाचं नाही आन् आपटाले मन होत नाही. मंग उभ्या उभ्याच फेकू ना. ट्रकमध्ये पेट्या भरतो तश्या. हिच्या हातून तिच्या हाती."

सरांनी पुस्तक काढून बघितलं. पुस्तकात याला मनाई नव्हती.

त्यानंतर आमल्याच्या मुली पांढुर्ण्याला आल्या आणि हरून गेल्या. मुलताईलाही तेच झालं. चेंडू हातातून हातात असा फिरायचा की समोरच्या मुली त्याच्यामागे धावून धावून शेवटी कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. मग सौसरची मॅच आली. सौसर म्हणजे घरचंच, निम्म्या मुलींच्या मावश्या-आत्या तिथल्याच, म्हणून तिथे हरणं सगळ्यांत वाईट. तिथे एक चट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातला तरुण पहिल्या रांगेत बसून सारखा मान वाकडी करत होता.

"काय पाहून राहिला रे?" बाईंनी विचारलं.

"मॅच पाहून राहिलो, बाई."

"मंग बॉल पाय ना. बॉल तिकडे गेला, तुही मान इकडेच काहून?"

अख्खी रांग हसली. त्यानंतर तो बिचारा मॅच संपेपर्यंत चेंडूशिवाय कशाकडे बघायला धजला नाही. "आन् शेवटी तर शेंगदाणेवाल्यानं पुडी बांधता बांधता दाणे सांडून देल्ले," बाईंनी दुसऱ्या दिवशी बाजारात सांगितलं. "इतकी भारी जितली आपली टीम!"

ऐकणाऱ्यांत एक माणूस नेहमी जरा लांब, दोरखंडाच्या दुकानापाशी उभा असायचा. पुंडलिकराव. त्यांच्या घरी आधीच एवढे दोर होते की आणखी दोराची त्यांना काही गरज नव्हती. पण मुलीचा खेळ बघायला जायचं तर आपणच घेतलेली हरकत आपणच गिळल्यासारखं झालं असतं. तेव्हा दोर चाचपत, कान इकडे ठेवून, ते आपल्या मुलीची मॅच ऐकायचे. बाईंना ते दिसायचे. मग त्या विजयमालाचा भाग जरा मोठ्या आवाजात सांगायच्या.

बाईंच्या मनातलं एका विजयमालालाच कळलं होतं.

"मावशी, एकडाव तरी मागं वळून पाहा ना वो," ती म्हणायची.

"शब्द देल्ला आहे तुह्या बापाले."

"थोडंसं. एकच बास्केट."

"हे पाय पोरी, बुड नसलेलं टोपलं ते. त्यात टाकलेलं खालूनच पडते. त्यात काय पाहाचं?"

असं म्हणायच्या खऱ्या. पण घरी मोतीराम चेष्टेनं म्हणाला, "तू मॅच पाहाले जातं का मानसं पाहाले?" तेव्हा बाई त्याच्यावर खेकसल्या, आणि मग चुलीतलं लाकूड उगाच मागे-पुढे सारत बसल्या. बाईंना ती मॅच बघायची होती. फार बघायची होती. पाठीमागे चेंडूचा आवाज यायचा, मुलींची धाप ऐकू यायची, विजयमालाचं "इकडे, इकडे!" ऐकू यायचं, आणि पाठीचा कणा कसा आपोआप वळायला लागायचा. छत्री दोन्ही हातांनी दाबून धरायची ती त्यासाठी.

आता उरली होती छिंदवाड्याची मॅच. ती पांढुर्ण्यालाच होती. जिंकल्या तर पुढे जबलपूर, पण तिकडे मुलींबरोबर विद्यापीठातल्या कुणी बाई जाणार होत्या. हरल्या तर खेळ तिथेच संपला. आणि विजयमालाचं हे शेवटचं वर्ष, घरी पाहुणे बघूनही गेले होते. म्हणजे काहीही झालं तरी मनकर्णाबाईंच्या पाठीमागे विजयमाला खेळणार ती हीच शेवटची.

छिंदवाड्याच्या मुली बसमधून उतरल्या तेव्हा दारात वाकून उतरल्या, एवढ्या उंच. मैदानाभोवती माणूस मावत नव्हता. जिनिंगला सुट्टी असल्यासारखे लोक आले होते. कमलने भाजीचं दुकान सासूवर टाकलं होतं. मनकर्णाबाईंनी पेटी मांडली, पदर खोचला आणि मैदानाकडे पाठ करून बसल्या.

घरचे लोक असल्यामुळे आज तोंडं वाचणं सोपं होतं. हसले म्हणजे आपण पुढे. कमलने कपाळावर हात मारला म्हणजे आपण मागे. असं वर-खाली होत होत मॅच अगदी शेवटाला आली. आणि तेव्हा बाईंना गर्दीत पुंडलिकराव दिसले. धुतलेलं धोतर, टोपी, आणि चेहरा असा की कुणी बघितलं तर म्हणता यावं, सहज इकडून चाललो होतो.

तेवढ्यात शिट्टी झाली. धपकन कुणीतरी पडल्याचा आवाज आला. समोरच्या सगळ्यांची तोंडं एकदम थांबली.

बाईंना काहीच वाचता येईना. हसणं नाही, रडणं नाही. नुसते उघडे डोळे.

"काय झालं वो कमल?"

"विजयमालाले पाडलं. आता तिले दोनदा फेकाचं आहे. एकटीलेच. दोघंयचं बराबर आहे, टाइमबी संपला, एक जरी गेला तरी आपन जितलो."

"लागलं का पोरीले?"

"तूच पाय ना!"

बाई हलल्या नाहीत. छत्री घट्ट धरली. पुंडलिकराव तोवर गर्दीतून वाट काढत पुढे आले होते, आणि पेटीपाशी येऊन थबकले.

"बाई, तुमी इकडे तोंड करून काहून बसल्या?"

"पोरायकडे लक्ष ठेवून राहिली जी."

"अन् मॅच?"

"मॅच मी कदी पाह्यली? तुमाले शब्द नाही देल्ला का?"

"बैतूलची? सौसरची?" पुंडलिकरावांनी विचारलं. "ते मास्तरचं पान, ते शेंगदाने..."

"लोकायच्या तोंडावरूनच सांगतलं जी सारं."

पुंडलिकरावांनी एकदा मैदानाकडे बघितलं. तिथे त्यांची धाकटी, गुडघ्यावर सलवार फाटलेली, चेंडू हातात घेऊन एकटी उभी होती. सबंध हिवाळा त्यांनी हे दोरखंडाच्या दुकानापाशी उभं राहून ऐकलं होतं, आणि आज कधी नव्हे ते डोळ्यांपुढे आलं होतं.

"उठा," ते म्हणाले.

"अजी पन माहा शब्द..."

"मलेच देल्ला न? मीच सांगून राहिलो, उठा. इकडे मी पाहातो."

"बाकीच्या पोरीच्या बापायलेबी देल्ला आहे जी."

"त्याईच्याबी वाटचं पाहातो. उठा, बाई, पोट्टी फेकून राहिली!"

बाई उठल्या. पुंडलिकरावांनी त्यांच्या हातातली छत्री घेतली, मैदानाकडे पाठ केली आणि त्या लोखंडी पेटीवर बसले. बाईंना वळायलासुद्धा वेळ हवा होता. एवढ्या दिवसांची मान, ती लगेच ऐकेना. शेवटी सगळं अंगच फिरवून त्या पुंडलिकरावांच्या समोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या टोपीवरून पलीकडे बघू लागल्या.

गर्दीकडे लक्ष ठेवायचं होतं, पण मध्ये मनकर्णाबाई. पुंडलिकरावांना एकच तोंड दिसत होतं. ते त्याच्याकडेच बघत राहिले.

बाईंचे ओठ आवळले गेले. डोळे वर चढले, वर, आणखी वर. मग खाली आले आणि चेहरा पडला. पुंडलिकरावांना कळलं, पहिला गेला नाही. त्यांनी छत्री मुठीत आवळली.

पुन्हा डोळे वर चढले. या वेळी ते वरच राहिले. तोंड हळूहळू उघडलं, लहान मुलाचं उघडतं तसं. आणि मग बाईंच्या पाठीमागची सगळी गर्दी एकदम उसळली, कुणाच्या टोप्या उडाल्या, कमल सुधाकर सरांच्या अंगावर पडली, पोरं धावत पेटीच्या दोन्ही बाजूंनी मैदानात घुसली. बाई मात्र होत्या तिथेच उभ्या होत्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"गेला न?" पुंडलिकराव ओरडले. मागे वळायचं त्यांनाही सुचलं नाही. इतके दिवस लागलेली सवय, ते बाईंच्याच तोंडाकडे बघत होते. "कसा गेला? सांगा न, बाई, कसा गेला?"

"थांबा जी," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मी अजून पाहूनच राहिली."